मायोर्काच्या त्रामुंताना डोंगरात आठवडाभर चालायचं असेल तर

प्रश्न असा आहे: चौघांचा गट, वयं पंचेचाळीस ते साठ, सह्याद्रीत वीसेक वर्षांची भटकंती. आता स्पेनच्या मायोर्का बेटावर, सेरा दे त्रामुंताना या डोंगररांगेत, गावागणिक मुक्काम करत आठवडाभर चालायचं आहे. एप्रिल बरा की ऑक्टोबर, कोणते टप्पे घ्यावेत, पाणी किती बाळगावं, शाकाहारी माणसाचे हाल होतील का? आणि शेवटी हळूच एक प्रश्न: कळसूबाई चढणाऱ्याला हा डोंगर जड तो काय जाणार?

त्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण बाकीची बरीच उत्तरं त्याच्या पोटात आहेत. नुसती उंची पाहिली तर काळजी नाही. रांगेतलं सर्वांत उंच शिखर पुच मायोर सुमारे १,४४० मीटरचं, म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ पेक्षा दोनशे मीटरनी कमी. त्याच्या माथ्यावर लष्कराचं रडार आहे, त्यामुळे तिथे तसंही कोणी जाऊ देत नाही. जड जातं ते पाणी, आणि त्याहून जास्त उतार. सह्याद्रीतली माणसं इथे चढावर हसतखेळत पुढे निघतात आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतात.

आधी पाण्याचं. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी धरून ठेवतो. म्हणून तर किल्ल्यांच्या माथ्यावर टाकी खोदता आली आणि एप्रिलातही एखाद्या टाक्यात गार पाणी मिळतं. ही सवय मायोर्काला जाताना घरी ठेवून जा. त्रामुंताना चुनखडीचा डोंगर आहे. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते चुनखडी विरघळवत भेगा रुंद करत जातं आणि सरळ डोंगराच्या पोटात उतरतं. युक मठाच्या परिसरात वर्षाला १,२०० मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, पण तो थांबला की थोड्याच वेळात ओढ्याचं पात्र कोरडं ठणठणीत. माथ्यावर पाणी नाही, पठारावर पाणी नाही. झरे आहेत ते चुनखडीखालच्या चिकणमातीच्या थरावर पाणी अडतं तिथे, आणि त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी.

म्हणून हिशेब असा ठेवा. एप्रिलात माणशी दोन लिटर, मेच्या मध्यानंतर आणि सप्टेंबरात तीन. कूबेर तलावाजवळचा फोंत देस नोगेर आणि देस प्रातच्या खिंडीखालचा फोंत देस प्रात हे दोन झरे वाटेवर आहेत, पण उन्हाळ्याच्या शेवटी त्यांच्या भरवशावर निघू नका. नळावर ‘नो पोताब्ले’ लिहिलेलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर गाळून किंवा गोळी टाकून प्या, कारण वरच्या अंगाला मेंढ्या असतात. कूबेर तलावाचं पाणी पाल्मा शहराला जातं, त्यात पोहायला बंदी आहे. (नाव वाचून आपला कुबेर आठवतो, संबंध काही नाही.)

आता वाट. त्रामुंतानाच्या लांबीभर जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या वाटेचा क्रमांक जीआर २२१, आणि तिचं नाव ‘रुता दे पेद्रा एन सेक’, म्हणजे कोरड्या दगडाची वाट. कोरडा दगड म्हणजे चुना-माती न वापरता रचलेलं बांधकाम. ऑलिव्हच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचे बांध, फरसबंद पाऊलवाटा, बर्फाच्या विहिरी, कोळशाच्या भट्ट्यांची गोल जोती, सगळं असंच रचलेलं. या सांस्कृतिक भूदृश्यासाठी २०११ मध्ये त्रामुंतानाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. २०१८ मध्ये स्पेनसह आठ युरोपीय देशांची ही दगड रचण्याची कलाही युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

हे फक्त शोभेचं नाही, चालणाऱ्याच्या कामाचं आहे. जुन्या फरसबंद वाटेकडे नीट पाहिलंत तर दर काही पावलांवर आडवी, किंचित वर आलेली दगडांची ओळ दिसेल. ती वाटेला काटकोनात नसते, तिरकी असते. वरून आलेलं पाणी तिला अडून कडेला जावं म्हणून ती तशी बसवली आहे. खेचरांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी शेकडो वर्षांत वाटेचा मधला भाग आरशासारखा गुळगुळीत झाला आहे, कडेचे दगड मात्र अजून खरबरीत आहेत. ओल असेल किंवा होल्म ओकची पानं पडलेली असतील तेव्हा कडेने चाला, आणि टाच आधी न टेकता पूर्ण तळवा एकदम ठेवा. टाच टेकून उतरायची सवय सह्याद्रीच्या घसाऱ्यावर चालते, इथे त्याच सवयीने माणूस पाठीवर पडतो. काठी वापरत असाल तर तिच्या धातूच्या टोकाला रबरी टोपी घाला. उघडं टोक गुळगुळीत चुनखडीवर सरकतं आणि नेमकं भार टाकला तेव्हाच सरकतं.

बांधांवर चढू नका, शॉर्टकट म्हणून तर मुळीच नाही. बांधाच्या दर्शनी दगडांमागे बारीक खडीचा भराव असतो, पाणी त्यातून झिरपून जातं. एक दगड हलला की भराव खाली बसतो, मग भिंतीला पोट सुटतं, आणि पुढच्या मोठ्या पावसात ती आडवी होते. पोट सुटलेल्या भिंतीच्या सावलीत डबा उघडून बसू नये, हे ओघाने आलंच.

पूर्ण वाट नैर्ऋत्येला आंद्राचपासून ईशान्येला पोयेन्सापर्यंत जाते. आठवड्यात ती पूर्ण करण्याचा हट्ट धरू नका. पश्चिमेकडच्या पहिल्या भागात २०१३ च्या जुलैमध्ये मोठा वणवा लागला, दोन हजार हेक्टरांहून जास्त क्षेत्र जळालं. तिथे अजून म्हणावी तशी सावली नाही, आणि काही ठिकाणी खासगी मालकीमुळे वाट डांबरी रस्त्याने वळवावी लागते. मधला आणि पूर्वेकडचा भाग सर्वांत चांगला. तुमच्या गटासाठी पाच चालीचे दिवस आणि मध्ये सोयेरला एक दिवस आराम, एकूण सुमारे ६५ किलोमीटर, ही मांडणी मी सुचवेन. दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन पाठीवर राहतं.

पहिला दिवस वायदेमोसा ते देया, सुमारे दहा किलोमीटर. अंतर पाहून फसू नका. वायदेमोसा ४०० मीटरवर आहे, तिथून ओकच्या जंगलातून चढत ९०० मीटरच्या पठारावर जायचं. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक लुडविग साल्वाटोर याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या इस्टेटी विकत घेतल्या आणि घोड्यावरून समुद्र पाहत फिरता यावं म्हणून कड्याच्या काठाने वाट बांधून घेतली. पठारावरचा तो भाग म्हणजे या सगळ्या सहलीतलं सर्वांत सुंदर दृश्य, एका बाजूला सरळ कडा आणि खाली निळं पाणी. वायदेमोसावरच्या खासगी डोंगरात रोज ठरावीक माणसांनाच सोडतात. परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते, ती विसरू नका. नंतर देयापर्यंतची उतरण: जेमतेम तीन किलोमीटरांत सातशे मीटर, नागमोडी, सुट्या दगडांची. पहिल्याच दिवशी गुडघ्यांची परीक्षा होते. म्हणून सकाळी साडेआठला वायदेमोसा सोडा, म्हणजे उतरताना घाई होत नाही.

दुसरा दिवस देया ते पोर्त दे सोयेर. दहा-अकरा किलोमीटर, ऑलिव्हच्या जुन्या बागांतून, फार चढ नाही. वाटेत संत्र्याचा ताजा रस मिळतो. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही, निवांत चाला. तिसरा दिवस आरामाचा. बंदर आणि सोयेर गावाच्या दरम्यान १९१३ पासूनची लाकडी ट्राम आहे. पाल्माहून येणारी सोयेरची जुनी रेल्वे १९१२ ची, २७ किलोमीटरांत १३ बोगदे. माथेरानची गाडी आवडणाऱ्याला ती आवडेल, तिकीट मात्र महाग आहे आणि बस तेच अंतर बोगद्यातून निम्म्या वेळात कापते.

चौथा दिवस खरा. सोयेर समुद्रसपाटीपासून पन्नासएक मीटरवर. तिथून बिनियाराइश या टुमदार वाडीपर्यंत अर्धा तास, आणि मग बिनियाराइशची घळ: फरसबंद पायऱ्यांची वाट घळीतून वळणं घेत लोफ्रेच्या खिंडीपर्यंत, ८७५ मीटरवर जाते. पायऱ्या बुटक्या आणि लांब आहेत, कारण त्या खेचराच्या पावलाच्या मापाने बांधल्या. माणसाच्या चालीत त्या दोन पायऱ्यांना तीन पावलं अशा अडनिड्या बसतात. लय सापडेपर्यंत थोडं हळू जा. खिंडीनंतर कूबेर तलावाच्या काठाने सपाट वाट, पुढे पाण्याच्या पाटाला धरून, कोल देस कोलोम्स ही आठशे मीटरवरची खिंड ओलांडून तोसाल्स वेर्द्सच्या मुक्कामाला उतरायचं.

वेळेचा हिशेब असा करा: चार किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर चारशे मीटरला आणखी एक तास. अंतर १५ किलोमीटर म्हणजे पावणेचार तास, एकूण चढ सुमारे नऊशे मीटर म्हणजे सव्वादोन तास, झाले सहा. त्यात जेवण, फोटो, बुटांच्या नाड्या यांचा दीड तास घाला. साडेसात तास. वाटेवरच्या लाकडी खांबांवर लिहिलेला वेळ निव्वळ चालण्याचा असतो, थांबण्याचा त्यात नसतो, हे लक्षात न घेतल्यानेच बऱ्याच गटांचं जेवण हुकतं.

पाचवा दिवस तोसाल्स वेर्द्स ते युक. चौदाएक किलोमीटर, पाचशे मीटरवरून देस प्रातच्या खिंडीत १,२०५ मीटरवर. हा साऱ्या वाटेचा सर्वांत उंच बिंदू. खिंडीखाली, झऱ्यापासून कड्याच्या अंगाने जाणारा दगडी पाट दिसेल. अठराव्या शतकात मासानेया डोंगराचं पाणी खालच्या शेतांना नेण्यासाठी तो बांधला आणि पुढे त्यावर जलवाहिनी टाकली. त्या पाटावरून चालण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. तो तुमच्या वाटेचा भाग नाही, बाजूला कडा आहे, नादी लागू नका.

खिंड ओलांडल्यावर बर्फाच्या विहिरी लागतात. हिवाळ्यात माथ्यावर पडलेलं बर्फ माणसं फावड्यांनी गोळा करून या दगडी खड्ड्यांत टाकत, पायांनी तुडवून घट्ट करत, थरांच्या मध्ये कारीच नावाचं गवत पसरत. उन्हाळ्यात रात्रीच्या गारव्यात ते बर्फ खेचरांवर लादून पाल्माला जाई, औषधासाठी आणि सरबतासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्याचं बर्फ आलं आणि हा धंदा संपला. आज छप्पर गेलेले खड्डे उरले आहेत. त्यांच्या काठावर उभं राहून आत वाकू नका, कड सुटी आहे. तेच कारीच गवत पुढे वाटेच्या दोन्ही बाजूंना भेटतं. उंच, कडक, आणि पात्याची धार बोट कापण्याइतकी. तोल गेला तर आधारासाठी त्याला हात घालू नका. फुल पँट बरी ती याच कारणासाठी.

इथून युकपर्यंतची उतरण लांब आहे, पण वाट उत्तम बांधलेली. ज्यांना शिखर हवंच आहे त्यांच्यासाठी मासानेया, १,३६४ मीटर. युकच्या बाजूच्या नेहमीच्या वाटेने गेल्यास खासगी इस्टेटीत प्रवेशशुल्क रोख द्यावं लागतं. शिखरासाठी युकला एक रात्र वाढवा, खिंडीच्या दिवसातच कोंबू नका. सहावा दिवस युक ते पोयेन्सा, सतराएक किलोमीटर, जवळपास सगळा उतार आणि शेवटी सपाटी. पाय थकलेले असतील आणि टप्पा तसा साधा आहे, म्हणून शेवटच्या दिवशी कोणाला थेट बसने जायचं असेल तर हाच टप्पा सोडावा.

तोरेंत दे पारेइस या घळीबद्दल लोक हमखास विचारतात. एस्कोर्काहून सा कालोब्राच्या किनाऱ्यापर्यंत उतरणारी ही दरी नकाशावर जवळ दिसते. ती पायवाट नाही. मोठमोठ्या धोंड्यांवरून हातापायांनी उतरावं लागतं, मध्येच बाहेर पडायला वाट नाही, आणि पाऊस झाल्यावर कित्येक दिवस डबकी भरलेली आणि दगड शेवाळलेले असतात. सांधण दरी उतरलेल्या माणसाला अंदाज येईल. वाटाड्या नसेल तर यादीतून काढून टाका.

एप्रिल की ऑक्टोबर? माझं मत सरळ एप्रिलाच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या बाजूने, ईस्टरचा आठवडा टाळून. झरे वाहते असतात, सूर्य सकाळी सव्वासातला उगवतो आणि रात्री साडेआठच्या सुमाराला मावळतो, म्हणजे चुकलात तरी उजेड हाताशी आहे. युकला रात्री सात-आठ अंशांपर्यंत थंडी पडते, एक गरम जाकीट पुरतं. ऑक्टोबर मोहात पाडतो, कारण समुद्र अजून कोमट असतो. पण तोच कोमट समुद्र अडचण करतो. उन्हाळाभर तापलेल्या पाण्यावर वरून थंड हवा आली की काही तासांत जोराचा पाऊस कोसळतो, आणि उतार तीव्र, खोरी आखूड असल्यामुळे कोरड्या पात्रांना अचानक लोंढा येतो. अशा वेळी पात्र ओलांडायचं नाही, पलीकडचं हॉटेल दिसत असलं तरी नाही. शिवाय दिवस आखूड: ऑक्टोबरच्या मध्याला सूर्यास्त सातच्या आसपास, आणि शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली की सहाच्या आधीच. जून ते ऑगस्ट सोडाच. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीत बदाम फुलतात, दृश्य सुंदर, पण खिंडीत बर्फ असू शकतं.

हवामान पाहताना पाल्माचा अंदाज पाहू नका. पाल्मात वर्षाला चार-साडेचारशे मिलिमीटर पाऊस पडतो, युकला त्याच्या जवळजवळ तिप्पट. मुंबईचं आकाश पाहून माळशेजची तयारी करण्यासारखं आहे ते. स्पेनच्या हवामान खात्याचे, एएमेतचे, इशारे पिवळा, नारिंगी, लाल असे असतात. नारिंगी असेल तर खिंडीचा टप्पा रद्द. उत्तरेचा वारा, ज्याच्यावरून रांगेला नाव मिळालं तो त्रामुंताना, सुटला तर खिंडीत उभं राहवत नाही. वाराबंद जाकीट सॅकच्या तळाशी न ठेवता वरच ठेवा.

मुक्काम. वाटेवर मायोर्काच्या बेट-परिषदेने चालवलेल्या रेफूजी आहेत. डोंगरातल्या धर्मशाळा म्हणा, बंक बेड, सामायिक न्हाणीघर, रात्रीचं जेवण आणि न्याहारी. देयाला कान बोई, पोर्त दे सोयेरला दीपगृहाशेजारी मुलेता, मग तोसाल्स वेर्द्स, युकजवळ सोन आमेर, पोयेन्साला पोंत रोमा. आरक्षण ऑनलाइन, आधीच करावं लागतं. इथे एक क्लृप्ती आहे: सुरुवात देयापासून करू नका, आधी तोसाल्स वेर्द्सची तारीख मिळवा आणि बाकीचे मुक्काम तिच्या मागेपुढे बसवा. देया, सोयेर, युक, पोयेन्सा या प्रत्येक ठिकाणी हॉटेल किंवा दुसरी खोली मिळते, युकच्या मठातही खोल्या आहेत. तोसाल्स वेर्द्सला दुसरं छप्परच नाही. तिथे जागा नसेल तर सोयेरहून कूबेरपर्यंत चालून बसने सोयेरला परत या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने कूबेरला जाऊन तिथून युक गाठा. ही बस साधारण एप्रिल ते ऑक्टोबर धावते. एखादी रेफूजी दुरुस्तीसाठी बंद असते, तेही आधी पाहून घ्या. उघड्यावर तंबू ठोकायला परवानगी नाही, आणि १ मे ते १५ ऑक्टोबर जंगलात विस्तव पेटवायला सक्त बंदी आहे. चहासाठी छोटा स्टोव्हसुद्धा नाही.

जेवण. स्पेनमध्ये ‘मांस नको’ एवढं म्हणून भागत नाही. तिथे ‘कार्ने’ म्हटलं की पुष्कळांच्या डोक्यात लाल मांसच येतं, आणि भाजीवर हॅमचे तुकडे किंवा ट्यूना टाकून ताट समोर येतं. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पोयो, सिन पेस्कादो’ अशी पूर्ण माळ म्हणा: मांस, हॅम, कोंबडी, मासा, काही नको. रेफूजीला आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा, कारण संध्याकाळी स्वयंपाक एकाच पातेल्यात होतो. निर्धास्तपणे मागवता येईल असं म्हणजे तुंबेत (वांगी, बटाटा, लाल ढोबळी मिरची तळून टोमॅटोच्या रश्शात), त्राम्पो ही कांदा-टोमॅटो-मिरचीची कोशिंबीर, आणि पा आंब ओली, म्हणजे जाड पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल. त्याच्यावर चीज सांगा, नाहीतर हॅम येतं. ‘सोपेस मायोर्कीनेस’ हा पाव-कोबीचा पदार्थ भाजीचा दिसतो, पण त्यात डुकराचं मांस असू शकतं. सर्वांत मोठा सापळा म्हणजे एन्साइमादा, साखर भुरभुरलेला तो गोल गोड पाव. ‘साइम’ म्हणजे डुकराची चरबी, नावातच ती आहे. गोड हवं तर बदामाचा गातो घ्या, त्यात अंडी असतात, चरबी नसते.

दुपारचा डबा स्वतःचा ठेवा. गावातली दुकानं दुपारी बंद आणि रविवारी बहुतेक बंदच, म्हणून रविवारची शिदोरी शनिवारी. घरून न्यायचं तर दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या, भाजलेले शेंगदाणे, गुळाची चिक्की, मेतकूट. वजनाला हलकं आणि पावाबरोबर मेतकूट-ऑलिव्ह तेल झकास लागतं. गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा रेफूजीत गरम पाणी मागून करता येतात. ‘आयग्वा कालेंता’ म्हणा.

सामान पाण्यासकट आठ किलोच्या आत. बुटाचा तळवा जरा कडक हवा. पातळ रबरी तळव्याचे बूट कोरड्या चुनखडीवर पकड छान देतात, पण टोकदार दगड दिवसभर तळपायाला टोचत राहतात आणि चौथ्या दिवशी पाऊल सुजतं. माप अर्ध्या नंबरने मोठं घ्या. उतरताना पाऊल पुढे सरकून अंगठ्याचं नख बुटावर आपटतं, काळं पडतं. त्यावर उपाय नाडीचा: वरच्या शेवटच्या दोन भोकांत त्याच बाजूने नाडी घालून छोटा फास करा, समोरची नाडी त्या फासातून ओवा, आणि मग ओढून गाठ मारा. टाच मागे घट्ट बसते, बोटं मोकळी राहतात. चढताना हीच नाडी थोडी सैल करा.

ऊन वरून लागतं तसं खालूनही लागतं. पांढरी चुनखडी प्रकाश परत फेकते, टोपी घालूनही हनुवटी आणि नाकाखालचा भाग भाजतो. तिथे क्रीम लावायला लोक विसरतात. वसंतात पाइनच्या झाडांखाली रांगेने चालणाऱ्या केसाळ अळ्या दिसल्या तर हात लावू नका आणि काठीने उडवूही नका, त्यांचे केस हवेतून उडून डोळ्यांत आणि घशात जळजळ करतात. माणसाला धोका होईल असा साप बेटावर नाही.

दारं उघडी असतील तर उघडी, बंद असतील तर बंद ठेवून जा. मेंढ्यांचा प्रश्न असतो. नकाशा एदितोरियाल आल्पिनाचा १:२५,००० प्रमाणाचा घ्या आणि फोनमध्येही नकाशा उतरवून ठेवा, कारण बिनियाराइशच्या घळीत आणि तोसाल्स वेर्द्सच्या आसपास रेंज जाते. आपत्कालीन क्रमांक ११२.

बस पाल्माच्या प्लासा देस्पान्याखालच्या स्थानकातून सुटते. वायदेमोसा-देया-सोयेर मार्गाचा क्रमांक २०३. हंगामात ती पाल्मातच भरते आणि मधल्या थांब्यावरच्यांना सोडून पुढे जाते, म्हणून पहिल्या दिवशी पाल्माहूनच बसा आणि पहिली बस पकडा. बँकेचं कार्ड चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवा. उतरताना विसरलात तर पूर्ण अंतराचे पैसे कापले जातात.

व्हिसा शेंगेन. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि एप्रिलच्या सहलीसाठी जानेवारीतच केलेला बरा, कारण भेटीची वेळ मिळायलाच दिवस जातात. रेफूजींच्या पावत्या मुक्कामाचा पुरावा म्हणून जोडा, प्रत्येक पावतीवर चौघांची नावं पासपोर्टप्रमाणे आहेत ना ते पाहा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण स्वस्त पॉलिसीत डोंगरातलं चालणं किंवा हेलिकॉप्टरने सोडवणं वगळलेलं असतं. बारीक अक्षरात एक हजार मीटरच्या वरची चाल वगळलेली असेल तर ती पॉलिसी घेऊ नका: तुमची खिंड १,२०५ मीटरवर आहे.